आधी फायरमन व्हायचं की थेट सब-ऑफिसर?

भाच्याचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. परवा जेवताना त्याने विचारलं, "मामा, फायरमनचा कोर्स करू की सब-ऑफिसरचा?" सब-ऑफिसर म्हणजे आगीच्या जागी हुकूम देणारा कनिष्ठ अधिकारी. मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो आणि त्याच्या वरच्या पायरीवर, लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो, तेव्हा मी फायरमनच म्हणणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. तसं झालं नाही. त्या रात्री जे बोललो ते जरा नीट मांडतो, कारण असे भाचे घरोघर असणार.

आधी कागदावरचं. सांताक्रूझच्या विद्यानगरीत महाराष्ट्र अग्निशमन सेवेची अकादमी आहे. तिथला फायरमनचा कोर्स सहा महिन्यांचा, दहावीवर होतो. सब-ऑफिसरचा वर्षभराचा आणि त्याला पदवी लागते. उंची १६५ सेंटीमीटर, छाती ८१ आणि फुगवून पाच जास्त, हे दोन्हीकडे पुरुषांना सारखंच. सब-ऑफिसरचा कोर्स नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातही होतो. हे कॉलेज १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवीही आहे, पण ती बारावीनंतर ठरवायची गोष्ट. भाच्याची ती गाडी सुटली. बसस्टॉपच्या खांबावर 'फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी' अशी जी पत्रकं असतात, त्यांचं काय? भरतीच्या जाहिरातीत जो कोर्स नावानिशी लिहिलेला असतो तोच चालतो. बाकीच्यांवर फार तर कारखान्यात नोकरी मिळते.

आता खरा फरक. फायरमनच्या कोर्समध्ये शरीराला सवय लावतात. होज, म्हणजे पाण्याचा लांब पाइप, फेकणं, जोडणं, शिडी लावणं, दोरीच्या गाठी, माणूस खांद्यावर घेऊन उतरणं. ड्रिलमध्ये प्रत्येकाला नंबर असतो. मी दोन नंबर असेन तर दोन नंबरचं काम झोपेतही हात करतात. विचार करायचा नसतो, आणि तेच बरोबर आहे. रात्री तीन वाजता वर्दी, म्हणजे आगीचा निरोप, आली की डोकं उठायच्या आत पाय बुटात गेलेले असतात.

सब-ऑफिसरला हे सगळं शिकवतातच, वर पाण्याचा हिशोब, इमारतीची रचना, रसायनं, कायदा, अहवाल. पण मुख्य म्हणजे त्याला बाहेर उभं राहायला शिकवतात. बी.ए. सेटचं उदाहरण घ्या, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर असतो त्या हवेच्या सिलिंडरचं. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला चाळीस लिटर धरली तर पाऊण तास. जिना चढताना, माणूस ओढताना हवा त्याहून कितीतरी लवकर संपते. आत धुरात ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची नळी, धरलेल्याला समोरची भिंतही दिसत नाही, घड्याळ कुठून दिसणार? म्हणून दाराशी एक माणूस फळा घेऊन असतो. कोण किती वाजता, किती बारवर आत गेलं आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजायच्या आत कुणाला परत बोलवायचं, हे तो लिहितो. त्या फळ्यावर विश्वास ठेवून माणसं आत पाठवायची आणि आपण आत जायचं नाही, हे अधिकाऱ्याचं काम.

हे खालून वर आलेल्यांना जड जातं. एका गोदामाच्या आगीत आमचे साहेब फायरमनमधूनच चढलेले, हाताला सोन्यासारखे. पोचल्या पोचल्या त्यांनी स्वतःच ब्रांच घेतली. मागून दुसरा बंब आला, तो सरळ गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, कारण कुठे लावायचा हे सांगायला कुणी नव्हतं. जंबो टँकर बाहेर रस्त्यावर अडकला. आमचं पाणी संपलं तेव्हा साहेब आतच होते.

उलटही पाहिलंय. नवा सब-ऑफिसर, कोर्स संपून चार महिने झालेले. शेडवर सिमेंटचे पत्रे. त्याने एका पोराला हुकूम दिला, "वर जा आणि पत्रा फोड." हुकूम स्वच्छ, आवाज खणखणीत. पण तापलेला सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो. जायचंच झालं तर बोल्टच्या रांगेवरून, तेही शिडी आडवी टाकून. आमच्या एका जुन्या गड्याने काही न बोलता शिडी आणून पत्र्यावर आडवी टाकली. नव्या साहेबांनी ते पाहिलं आणि त्यानंतर प्रत्येक वर्दीला त्या गड्याला शेजारी उभं करून घेतलं. पुढे ते चांगले अधिकारी झाले.

कुठे उभं राहायचं याचं एकच उत्तर नसतं, हेही सांगायला हवं. ९ मे २०१५च्या काळबादेवीतल्या गोकुळ निवासाच्या आगीत मुंबई दलाने चार अधिकारी गमावले, त्यात खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. ते बाहेर थांबले नव्हते. आमच्यात त्या आगीवर अजून दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं १४ एप्रिलला, १९४४च्या गोदी स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देताना एकाच रांगेत उभी असतात.

पगार, बढती? सुरुवातीला सब-ऑफिसर पुढे, यात वाद नाही. फायरमनच्या जागा मात्र खूप जास्त निघतात; मुंबईने २०२३ला एकदम ९१० जागांसाठी भरती घेतली. तिथे पुरुषांना उंची १७२ हवी होती, आणि १९ फुटांवरून खाली ताणून धरलेल्या जंपिंग शीटमध्ये उडी. तिथेच बरेच जण मागे फिरतात. अधिकाऱ्याच्या जागा थोड्या आणि वर्षानुवर्षं निघत नाहीत. खालून चढणं म्हणजे रांग, कधी कधी निवृत्तीपर्यंत. माझी तशीच गेली.

भाच्याला म्हटलं, पदवी हातात येतेय, तू सब-ऑफिसरच कर. पण पहिली दोन वर्षं ड्रिलला पोरांबरोबर नंबर घेऊन उभा राहा, होज स्वतः गुंडाळ. घरची ओढाताण असती किंवा पदवी रखडली असती तर याच तोंडाने फायरमन हो म्हटलं असतं, कारण वयाची अट कुणासाठी थांबत नाही. आणि जिथे अर्ज करशील त्या महापालिकेचे सेवाप्रवेश नियम काढून आधी एक रकाना बघ: सब-ऑफिसरच्या किती जागा थेट आणि किती बढतीने.

त्याने मान डोलावली आणि विचारलं, "मामा, १९ फूट म्हणजे किती?" त्याला गॅलरीत नेलं आणि खाली बघायला लावलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.