आउटबोर्डची नवी टाकी : लिटर नंतर बघा, आधी झाकण बघा

छोट्या शिडाच्या बोटीवरच्या आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावायच्या इंजिनाची, पेट्रोलची टाकी बदलायची म्हटलं की जो तो पहिलं हेच विचारतो की किती लिटरची घेऊ. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. आधी झाकण आणि व्हेंट (हवा आत-बाहेर जायची वाट) बघायचा, मग टाकी ज्या लॉकरमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, बसणार त्याचं माप, आणि मग लिटर. मी घेतलेली टाकी १२ लिटरची आहे, लाल, एचडीपीई प्लास्टिकची, आपोआप चालणाऱ्या व्हेंटची, आणि सहा हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोकला जोडलीय. एकंदरीत मस्त आहे, खटकणाऱ्या गोष्टीही आहेत, त्या पुढे लिहितो.

झाकणाचं आधी, कारण जुनी टाकी वापरलेल्या माणसाला सगळ्यात मोठा फरक तिथेच जाणवतो. जुन्या टाक्यांच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असायचा, इंजिन चालवताना तो सैल करायचा आणि उचलून नेताना घट्ट करायचा. सैल करायचा राहिला की इंजिन पाच-दहा मिनिटं छान चालणार आणि मग धापा टाकत बंद पडणार, कारण पेट्रोल खेचलं जातंय पण त्याच्या जागी आत हवा येत नाहीये, टाकीच्या बाजू आत ओढल्या गेलेल्या डोळ्यांना दिसतात. आणि घट्ट करायचा राहिला की लॉकरभर पेट्रोलचा वास. अमेरिकेत २०११ पासून नियम बदलले, तेव्हापासून तिथल्या नव्या पोर्टेबल टाक्या सीलबंद असतात, व्हेंट स्वतःच हवा आत घेतो पण वाफ मात्र ५ पीएसआय म्हणजे साधारण ३४ किलोपास्कल दाबापर्यंत बाहेर सोडत नाही. मोठ्या कंपन्या तिथल्या बाजारासाठी बनवतातच त्यामुळे हीच झाकणं आता इतरत्रही भरपूर दिसतात.

वास जवळजवळ गेला हे या झाकणाचं खरं सुख. शिडाच्या बोटीत हे फार महत्त्वाचं आहे कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, खाली उतरते आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, साचून राहते, आणि आपल्या बोटींमध्ये कॉकपिटचं (मागच्या उघड्या बसायच्या जागेचं) लॉकर आणि केबिन यांच्यात बऱ्याचदा नुसती प्लायची फळी असते. केबिनमध्ये कोणी गॅस पेटवत असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून टाकी कितीही चांगली घेतली तरी लॉकरला बाहेर उघडणारी हवेची वाट हवीच, आणि केबिनच्या बाजूची भोकं बुजवलेली हवीत.

आता याच झाकणाची दुसरी बाजू. ऊन लागलं की टाकी फुगते. म्हणजे खरंच फुगते, सपाट बाजू गोलसर होतात, बोटाने दाबलं तर दबत नाही आणि झाकण थोडं सैल केलं की लांबलचक फुस्स असा आवाज येतो. घाबरायचं कारण नाही, टाकी त्यासाठीच बनवलेली असते. पण त्या वेळी पाईप इंजिनला जोडलेला असेल तर तो दाब पेट्रोलला पुढे ढकलतो, प्रायमर बल्बमधले (पाईपवरच्या, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या रबरी फुग्यातले) व्हॉल्व्ह त्याच दिशेला उघडतात त्यामुळे ते अडवत नाहीत, पेट्रोल पंपातून पार कार्बोरेटरपर्यंत जातं आणि तिथली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तेवढ्या दाबापुढे टिकेलच असं नाही. मग कार्बोरेटर ओसंडतो, इंजिन स्टार्ट व्हायला त्रास देतं, पेट्रोल पाण्यात ठिबकतं. यावर इलाज दोन. एक फुकटचा, इंजिन बंद केलं की पाईप इंजिनाकडून काढून ठेवायचा आणि पुन्हा जोडायच्या आधी झाकण हळूहळू सैल करून दाब सोडायचा. दुसरा म्हणजे फ्युएल डिमांड व्हॉल्व्ह, टाकी आणि बल्बच्या मध्ये बसवायचा एक छोटा तुकडा, इंजिनाने खेचलं तरच तो पेट्रोल सोडतो, टाकीच्या दाबाला जुमानत नाही. मी तो बसवलाय आणि सीलबंद टाकी घेणाऱ्या प्रत्येकाने टाकीबरोबरच घ्यावा असं मी ठामपणे सांगेन. बसवताना त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेला हवा.

लॉकरचं माप घेताना तळाची लांबी-रुंदी तर घ्याच पण लॉकरचं तोंड आधी मोजा, ते आतल्या जागेपेक्षा बरंच अरुंद असतं आणि टाकी तिथून तिरकी करून उतरवावी लागते. उंची मोजताना वरचा कनेक्टर आणि त्यातून निघून वळणारा पाईप धरून मोजा, पाईप मुडपला तर इंजिन उपाशी. आणि चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर मोकळे ठेवा, घट्ट बसणारी टाकी फुगली की निघता निघत नाही.

आकाराबद्दल बोललंच पाहिजे कारण दुकानातल्या बहुतेक टाक्या मोटरबोटवाल्यांचा विचार करून केलेल्या असतात, पसरट आणि बुटक्या. मोटरबोटीला ते ठीक, पण आपली बोट शिडं वर असताना एका अंगाला कललेली असते आणि कधीकधी त्याच अवस्थेत इंजिनही चालू असतं. हिशोब बघा, टाकी ३५ सेंटीमीटर रुंद असेल आणि बोट १५ अंश कलली तर वरच्या कडेला पेट्रोलची पातळी मधल्यापेक्षा पावणेपाच सेंटीमीटरने खाली जाते, म्हणजे पेट्रोल खेचणारी नळी त्या कडेला असेल तर टाकीत तीन-चार लिटर असूनही इंजिन हवा ओढणार. तीच टाकी २० सेंटीमीटर रुंद असेल तर फरक पावणेतीनच सेंटीमीटरचा. म्हणून मी उभट, अरुंद टाकी घेतली आणि तिची लांब बाजू बोटीच्या लांबीला समांतर ठेवली. पट्ट्याने बांधलीय, नाहीतर बोट वळून दुसऱ्या अंगाला कलताना ती लॉकरमध्ये या भिंतीवरून त्या भिंतीवर घसरत जाते.

लिटरचं आता. सहा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक निवांत चालवलं तर तासाला एक ते दीड लिटर पितं, पूर्ण थ्रॉटलला दोनच्या वर जातं. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव हा जुना नियम लावला तरी १२ लिटर बंदरात ये-जा करायला आणि वारा पडल्यावर घरी यायला भरपूर होतात. २५ लिटरची टाकी भरली की नुसतं पेट्रोलच साडेअठरा किलो, त्यात टाकीचं वजन वेगळं, आणि ती धक्क्यावरून रेलिंग ओलांडून बोटीत घ्यायची म्हणजे कमरेची परीक्षा. १२ लिटरचं पेट्रोल नऊ किलोच्या आसपास, एका हाताने उचलतं आणि दुसरा हात बोटीला धरायला मोकळा राहतो. भरायची पण बोटीबाहेर, जमिनीवर ठेवूनच आणि काठोकाठ नाही, पेट्रोल तापलं की वाढतं. शिवाय इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं तर खराब होतं, ओल धरतं, आणि शिडवाल्यांचं इंजिन मुळात कमीच चालतं, तेव्हा छोटी टाकी लवकर संपून ताजं पेट्रोल येत राहिलेलं बरं. लांब जायचं असेल तर एक साधा कॅन वेगळा न्या.

खटकणाऱ्या गोष्टी. गेज अगदीच कामचलाऊ, तरंगणाऱ्या फ्लोटवर चालणारा काटा आहे तो बोट हलली की नाचतो, अर्धी म्हणजे अर्धीच असं कधीच नसतं. मी टाकी उचलून अंदाज घेतो, तो जास्त खरा. झाकण दाबून फिरवायचं आहे, ओल्या हाताने सरकतं आणि वयस्कर माणसाला जडच जाईल. आणि सोबत आलेला पाईप कडक होता, तो मी बदलून जाड आणि मऊ मरीन पाईप लावला, दोन्ही टोकांना स्टेनलेस क्लॅम्प.

कनेक्टर मात्र घेण्याआधीच तपासा. यामाहा, टोहात्सू, मर्क्युरी, होंडा, प्रत्येकाचा वेगळा, दिसायला सारखे वाटले तरी एकाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही, आणि ओढूनताणून बसवलेला कनेक्टर हवा घेतो. इंजिनाचं मॉडेल बघून त्याचाच मागा. कनेक्टरमधला ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) झिजतो, म्हणून एक-दोन जास्तीचे घेऊन टूलबॉक्समध्ये टाका. जोडून झालं की बल्ब बाण वर करून उभा धरून दाबा, कडक झाला की थांबा आणि मग प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवा, डाग पडला तर क्लॅम्प आवळा.

जुनी टाकी रिकामी झाली म्हणून कापून डबा वगैरे करायच्या भानगडीत पडू नका, रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. उरलेल्या पेट्रोलसकट ती घातक कचरा घेतात तिथेच द्या.