एआर चष्म्यात प्रकाश नजरेमागे फिरवायचा की सगळीकडे पसरायचा?

चाकणच्या असेंब्ली लाइनवर टेक्निशियनच्या डोळ्यासमोर थेट ड्रॉइंग दिसावं, हातात टॅब धरायला लागू नये, म्हणून एआर चष्मा (समोरच्या खऱ्या दृश्यावरच चित्र दाखवणारा) बनवायचाय किंवा विकत घ्यायचाय आणि ऑप्टिक्स कुठलं यावर गाडी अडलीय, अशा टीम्स हल्ली बाणेर-हिंजवडीकडे भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. रिझोल्यूशन, प्रोसेसर, बॅटरी यावर सगळे बोलतात पण त्याच्या आधीचा निर्णय असा की चित्राचा प्रकाश डोळ्याच्या बाहुलीत पोचवायचा कसा. मुख्य रस्ते तीन आहेत. पहिला, डोळ्यासमोर मोठ्या भागात प्रकाश पसरून ठेवायचा, बाहुली कुठेही सरकली तरी चित्र मिळतं. दुसरा, प्रकाशाचा बारीक झोत करायचा, आय ट्रॅकिंगने, म्हणजे डोळ्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याने, बाहुली शोधायची आणि झोत तिच्या मागे फिरवायचा. तिसरा मधला, ठरावीक जागी थोडे झोत आधीच बसवायचे आणि नजर बघून त्यातला एकच पेटवायचा.

माझं मत आत्ताच सांगून टाकतो. लाइनवर उद्यापासून वापरायला घेताय तर पहिला. स्वतः बनवताय तर तिसरा. दुसरा तेव्हाच, जेव्हा तुमच्या टीममध्ये आय ट्रॅकिंग मनापासून करणारं कुणीतरी आहे आणि हाताशी वेळ आहे.

हा प्रश्न मुळात येतो कुठून तर भौतिकशास्त्रातून, आणि तिथे घासाघीस चालत नाही. ऑप्टिक्स लहान ठेवायचं तर एकतर चित्र मोठं मिळेल नाहीतर बाहुलीला हलायला जागा मोठी मिळेल, साध्या लेन्स-आरशांनी दोन्ही एकदम वाढत नाही. या हलायच्या जागेला आयबॉक्स म्हणतात. आता डोळा फिरतो तेव्हा बाहुली नुसती दिशा बदलत नाही, ती जागेवरून सरकते, कारण फिरण्याचा मध्य बाहुलीच्या साधारण १० मिलिमीटर मागे असतो. म्हणजे नजर २० अंश बाजूला गेली की बाहुली जवळपास साडेतीन मिलिमीटर सरकली. त्यात प्रत्येकाच्या दोन डोळ्यांतलं अंतर वेगळं, मोठ्या माणसांत अंदाजे ५४ ते ७४ मिलिमीटर, आणि घामाने चष्मा नाकावरून घसरतो तो वेगळाच.

पहिल्या रस्त्याचा राजा म्हणजे वेव्हगाइड. पातळ काच, प्रकाश एका बाजूने आत शिरतो, आतल्या आत आपटत पुढे जातो आणि वाटेत जागोजागी थोडा थोडा बाहेर सांडतो, त्यामुळे एकाच झोताच्या कितीतरी प्रती शेजारी शेजारी तयार होतात. मायक्रोसॉफ्टचा २०१६ चा होलोलेन्स, २०१९ चा होलोलेन्स २, मॅजिक लीप, मेटाने २०२४ मध्ये दाखवलेला ओरायन, सगळे याच घराण्यातले. ओरायनमध्ये सिलिकॉन कार्बाइड वापरून चित्र साधारण ७० अंशांपर्यंत नेलं, वजन १०० ग्रॅमच्या आत ठेवलं, ते काम बघून खरंच आदर वाटतो. (होलोलेन्स २ मध्ये आय ट्रॅकिंगही आहे बरं का, पण चित्र डोळ्यापर्यंत पोचायला तो त्याच्यावर अवलंबून नाही, आणि हा फरक पुढे फार कामाचा आहे.)

तोटा काय तर प्रकाशाची नासाडी. हिशोब करून बघा. आयबॉक्स १० बाय ८ मिलिमीटरचा धरला तर क्षेत्रफळ ८० चौरस मिलिमीटर, आणि उजेडात बाहुली ३ मिलिमीटरची असते, तिचं क्षेत्रफळ साधारण ७. म्हणजे आयबॉक्सपर्यंत आलेल्या प्रकाशातला ९ टक्केही डोळ्यात जात नाही, बाकीचा पापणीवर, बुबुळावर, गालावर. आणि हे काचेच्या आतलं नुकसान धरायच्या आधीचं, डिफ्रॅक्टिव्ह, म्हणजे सूक्ष्म खाचांनी प्रकाश वळवणाऱ्या वेव्हगाइडमध्ये ते भलतंच मोठं असतं. वर रंग सगळीकडे सारखे येत नाहीत, पांढऱ्या स्क्रीनवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. अख्ख्या वावराला पाटाचं पाणी सोडायचं की ठिबकने मुळाशीच द्यायचं, तसा हा फरक आहे.

म्हणून दुसरा रस्ता एवढा मोहात पाडतो. सगळा प्रकाश बाहुलीतच गेला तर तेवढ्याच उजेडाला कितीतरी कमी वीज लागते, बॅटरी लहान, उष्णता कमी आणि भर दुपारी शेडच्या बाहेर उन्हातसुद्धा अक्षरं वाचता येतात. झोत बाहुलीत बारीक होऊन शिरतो ही मूळ कल्पना मॅक्सवेलची, १८६० च्या सुमाराची, म्हणून त्याला मॅक्सवेलियन व्ह्यू म्हणतात. यात चित्र डोळ्याच्या फोकसवर फारसं अवलंबून राहत नाही, जवळ बघा लांब बघा, चित्र स्वच्छच. पंचेचाळिशी ओलांडलेल्या सुपरवायझरला वाचायचा चष्मा न लावता ड्रॉइंगमधले आकडे दिसणं ही छोटी गोष्ट नाही, माझ्या मते या तंत्राचा सगळ्यात माणुसकीचा फायदा हाच. जपानच्या क्यूडी लेझरने रेटिसा नावाचे रेटिनावर प्रोजेक्शन करणारे डिस्प्ले काढले ते अंधुक दिसणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवूनच. एक गोष्ट मात्र डेमोत कुणी सांगत नाही, झोत बारीक असल्यामुळे डोळ्याच्या आत तरंगणारे ठिपके आणि पापणीच्या केसांच्या सावल्या चित्रावर स्पष्ट उमटतात, काहींना त्याचा फार त्रास होतो.

झोत फिरवायचा कशाने? मेम्सचा (चिपसारखा घडवलेला, हलणारा) बारका आरसा, लिक्विड क्रिस्टलच्या स्विच होणाऱ्या ग्रेटिंग्ज (प्रकाश वळवणाऱ्या बारीक रेघा), किंवा प्रकाशाचा उगमच इकडून तिकडे सरकवणं. एनव्हिडिया आणि स्टॅनफर्डच्या २०२२ च्या होलोग्राफिक ग्लासेसमध्ये डिस्प्ले आणि ऑप्टिक्सची जाडी फक्त २.५ मिलिमीटर होती पण स्थिर आयबॉक्स २.३ मिलिमीटर, म्हणून झोत वळवून तो वाढवायची सोय त्यांना ठेवावी लागली. इतकं पातळ हवं असेल तर नजरेमागे धावण्याला दुसरा इलाज जवळपास नाहीच.

आता कुठे अडतं ते. झोत १ मिलिमीटरचा आणि बाहुली ३ मिलिमीटरची धरा, म्हणजे दोन्हीकडे १-१ मिलिमीटर चूक चालेल, त्यापुढे चित्र कडेने कापलं जायला लागतं. १ मिलिमीटर म्हणजे नजरेचे ५.७ अंश. आणि डोळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो ती सॅकेड मोठी असेल तर वेग सेकंदाला ५०० अंशांच्या घरात सहज जातो. म्हणजे ती सगळी सवलत सुमारे ११ मिलिसेकंदात संपली, आणि ९० हर्ट्झच्या कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममधलं अंतरच ११ मिलिसेकंद! त्यानंतर फोटो तपासायचा, बाहुलीचा मध्य काढायचा, आरसा वळवायचा, नव्या जागेप्रमाणे चित्रही सरकवायचं. नशीब एवढंच की सॅकेड चालू असताना मेंदू बरंचसं बघणं दाबून टाकतो, त्यामुळे डोळा थांबेपर्यंत झोत पोचला तर चालून जातं. पण थांबेपर्यंत पोचायलाच हवं, आणि दर वेळी.

हे सगळं बेंचवर हनुवटी टेकवून छान जमतं. डोक्यावर घालून चालायला लागलं की चष्मा हलतो, ट्रॅकिंगचा कॅमेरा इन्फ्रारेड एलईडीच्या उजेडात डोळा बघतो तर उन्हातला इन्फ्रारेडही त्यात शिरतो, काजळ आणि मस्कारा लावलेल्या पापण्या सॉफ्टवेअरला बाहुलीसारख्या काळ्या वाटतात, आत नंबरचा चष्मा असेल तर त्याच्या काचेवर एलईडीचे भलतेच ठिपके चमकतात, झुकलेल्या पापणीने अर्धी बाहुली झाकलेली असते. जुलैत काचेवर वाफ धरली तर विचारूच नका. (८५० ऐवजी ९४० नॅनोमीटरचे दिवे घ्या, हवेतली वाफ सूर्याचा त्या पट्ट्यातला प्रकाश बराच शोषते म्हणून उन्हात थोडं सोपं जातं, कॅमेऱ्याची संवेदनशीलता मात्र तिथे कमी असते.)

दोन्ही रस्त्यांत ट्रॅकिंग कधी ना कधी चुकणारच. पहिल्या रस्त्यात ते चुकलं तर फार तर कर्सर चुकीच्या जागी जाईल, रंगाची दुरुस्ती थोडी बिघडेल, चित्र समोर राहतं. दुसऱ्यात ट्रॅकिंग चुकलं की चित्रच जातं, पूर्ण काळं. टॉर्क किती द्यायचा ते बघत असलेल्या माणसाच्या डोळ्यासमोरून आकडा गायब होणं म्हणजे त्याचा चष्म्यावरचा विश्वास उडणं, तो दुसऱ्या दिवशी चष्मा लॉकरमध्ये ठेवून कागद घेऊन येणार. नॉर्थ कंपनीच्या फोकल्सचं उदाहरण बघा, लेझर आणि होलोग्राफिक काच, दिसायला अगदी साध्या चष्म्यासारखा, पण आयबॉक्स इतका लहान की सुरुवातीला गिऱ्हाइकाला टोरंटो किंवा ब्रुकलिनच्या दुकानात जाऊन चेहऱ्याचं माप देऊन तो बनवून घ्यावा लागायचा. २०२० मध्ये गूगलने ती कंपनी घेतली. तीन शिफ्टमध्ये तीन माणसं एकच नग घालणार असतील तिथे असं मापाचं प्रकरण चालणारच नाही.

तिसरा रस्ता मला आवडतो तो याच कारणाने. ३ बाय ३ असे नऊ झोत, दीड मिलिमीटर अंतरावर. बाहुली अडीच मिलिमीटरपर्यंत आकसली तरी त्यातला एक तरी आत असतोच (चार झोतांच्या बरोबर मधोमध बाहुली आली तरी जवळचा झोत १.०६ मिलिमीटरवर, आणि बाहुलीची त्रिज्या १.२५; काठावर थोडं अंधुक होईल पण जाणार नाही). एकूण पल्ला जवळपास ५ मिलिमीटर, म्हणजे नजर दोन्हीकडे १४ अंश, त्यापलीकडे माणूस बहुतेक वेळा मानच वळवतो. आय ट्रॅकिंगकडून मागणी किती कमी झाली बघा, आता त्याने फक्त नऊपैकी कुठला एवढंच सांगायचंय. नजर न बघता सगळे झोत कायम चालू ठेवणारी डिझाइन्सही आहेत, पण तिथे संध्याकाळी बाहुली ५-६ मिलिमीटरची झाली की एकाहून जास्त झोत एकदम आत शिरतात आणि अक्षरं दुहेरी दिसतात, अंतर वाढवावं तर दुपारी आकसलेल्या बाहुलीला मध्येच काळं दिसतं. एकच पेटवला की ही भानगड संपते. आणि ट्रॅकिंग पूर्ण गेलंच तर सगळे नऊ मंद पेटवा, दुहेरी दिसेल पण काहीतरी दिसेल.

कष्ट आहेत. प्रत्येक झोतासाठी वेगळं कॅलिब्रेशन, नाहीतर झोत बदलताना चित्र टुणकन उडतं. पण हे झोत ठरावीक जागी वळवणारी होलोग्राफिक फिल्म फोटोपॉलिमरवर (प्रकाशाचा ठसा धरणारं प्लास्टिक), स्थिर टेबल आणि लेझर असलेल्या बऱ्या लॅबमध्ये रेकॉर्ड करता येते, वेव्हगाइडच्या नॅनोमीटरच्या खाचा मात्र फॅबशिवाय (चिप बनवतात तसल्या कारखान्याशिवाय) होत नाहीत. पुण्यात मोजून-दुरुस्त करण्याच्या ऑप्टिक्सची जाण नाही असं कुणी म्हणू नये, आयुका या इथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर रोबो-एओ केलंय, त्यात दुर्बिणीत येणारा प्रकाश क्षणोक्षणी मोजून आरशाने सरळ केला जातो.

लेझर वापरणार असाल तर आयईसी ६०८२५-१ हे लेझर सुरक्षेचं मानक पहिल्याच दिवशी वाचायला घ्या. बारीक झोत डोळ्यात सोडताना आरसा अडकला तर वीज आपोआप तुटली पाहिजे, आणि हे सॉफ्टवेअरवर सोडू नका, सर्किटमध्येच बसवा.

विकत घेताना व्हेंडरला एवढंच सांगा, आय ट्रॅकिंगचा कॅमेरा चिकटपट्टीने झाकून डेमो द्या. मग चष्मा काजळ लावणाऱ्या एखाद्या मुलीला, जाड नंबरवाल्याला आणि पन्नाशीच्या फोरमनला घालायला द्या, नाकाची पॅडं बदलू नका, वरच्या शेल्फवरच्या डब्याचं लेबल आणि बुटाशी पडलेल्या नटाचा नंबर बघताना चित्र कुठे कापलं जातं ते तिघांकडून लिहून घ्या.