फुकटचे इंडी गेम: ब्राउझरमधेच खेळायचे का डाउनलोड करून?

परवा ग्वाल्हेरहून मावसभावाचा फोन आला, म्हणे दादा, इच.आयओवर (छोटे, स्वतंत्र लोक आपले इंडी गेम टाकतात ती साइट) एवढे फुकटचे गेम दिसतायत, तिथल्या तिथे ब्राउझरमधे खेळू का एकेक डाउनलोड करत बसू, लॅपटॉपमधे जागा तशी कमीच आहे. फोनवर अर्धंच सांगून झालं, म्हणून इथे नीट लिहितो. दोन्ही प्रकार मी भरपूर केलेत.

नवीन काही शोधायचं असेल तर ब्राउझरला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. इच.आयओवर फ्री आणि वेब असे दोन फिल्टर लावायचे, क्लिक करायचं, खेळायला लागायचं, नाही जमलं तर टॅब बंद. रात्री जेवणं झाली की मी असे पाच-सहा चाळतो आणि त्यातला एखादाच लक्षात राहतो. मात्र पॉप्युलरच्या यादीतच फिरत राहू नका, तिथे सगळेच जातात. गेम जॅमची, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम करायच्या स्पर्धांची, पानं उघडा. लुडम डेअर 2002 पासून चालत आलाय, त्याच्या कॉम्पो प्रकारात एकट्या माणसाने 48 तासांत अख्खा गेम करायचा, चित्रं, आवाज, कोड सगळं स्वतःचं. अशा गेमचा जीव दहा-पंधरा मिनिटांचा असतो, एकच कल्पना असते, पण ती कधीकधी अशी असते की मोठ्या कंपनीत कुणी तिला हातसुद्धा लावला नसता. आणि पिको-8 वाले गेम तर बघाच, पिको-8 म्हणजे मुद्दाम जुन्या, छोट्या मशीनसारखं केलेलं गेम बनवायचं सॉफ्टवेअर. 128 बाय 128 पिक्सेलचा स्क्रीन आणि 16 रंग, एवढ्यात लोक काय काय बसवतात! सेलेस्ट हा डोंगर चढायचा गाजलेला गेम आज विकत मिळतो, पण त्याचं मूळ छोटं रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी पिको-8 मधे चार दिवसांत केलं होतं आणि ते आजही ब्राउझरमधे फुकट खेळता येतं. असल्या गेमसाठी डाउनलोड करत बसायची खरंच गरज नाही.

मग माझं मन डाउनलोडकडे का फिरलं ते सांगतो. गेल्या मे महिन्यात एक लांबलचक गेम मिळाला होता, शेती, खाण, गावातली माणसं असला, फुकट आणि ब्राउझरमधे चालणारा. इंदूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नसतेच, तर रोज दुपारी थोडा थोडा खेळत होतो, नऊ-दहा तास तरी झाले असतील. लॅपटॉप घरात एकच, ताईपण तोच वापरते. तिला कुठलासा फॉर्म भरायचा होता, साइट पुढे सरकेना, कुणीतरी तिला सांगितलं की हिस्ट्री-कुकीज सगळं साफ कर, तिने केलं, फॉर्म भरला गेला. संध्याकाळी मी गेम उघडला तर न्यू गेम एवढंच बटण, कंटिन्यू गायब.

यात चूक ना ताईची ना गेम करणाऱ्याची. ब्राउझरमधला गेम बहुतेक वेळा आपलं सेव्ह, म्हणजे कुठवर खेळलो त्याची नोंद, ब्राउझरच्याच पोटात ठेवतो, साइट डेटा पुसला की तेही पुसलं जातं, आणि इन्कॉग्निटोत खेळलात तर खिडकी बंद करताच संपलं. दुसऱ्या ब्राउझरमधे उघडलं तरी पहिल्यापासून. आणि हे आधी कळत नाही हो, गेलं की कळतं. आपण राखलेली गोष्ट आपल्या हातात नाही, ही बाब मला इतकी लागली की बाकी सगळ्या सोयी त्यापुढे फिक्या वाटायला लागल्या. त्या गेमच्या त्याच पानावर, खाली, डाउनलोड करायची विंडोजची झिप फाइलपण होती. मी कधी तेवढं स्क्रोल केलंच नव्हतं.

फ्लॅशचं, म्हणजे पूर्वी ब्राउझरमधले गेम ज्याच्यावर चालायचे त्या प्लगइनचं, आठवून बघा. 31 डिसेंबर 2020 ला त्याचा सपोर्ट संपला आणि शाळेत असताना सायबर कॅफेत खेळलेले गेम एका झटक्यात उघडेनासे झाले. आज त्यातले ढिगाने परत खेळता येतात ते फ्लॅशपॉइंट नावाच्या संग्रहामुळे, म्हणजे कुणीतरी वेळेत ते उतरवून जपून ठेवले म्हणून.

डाउनलोडची बाजू समजायला केव्ह स्टोरी घ्या. दाइसुके अमाया या एका माणसाने पाचेक वर्षं खपून केलेला गेम, 2004 मधे फुकट दिला, तो जुना अजूनही फुकटच आहे. छोटासा फोल्डर, इन्स्टॉलची भानगड नाही, आणि सेव्हची प्रोफाइल.डॅट फाइल त्याच फोल्डरमधे. मी अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन मामाकडे गेलो होतो, लावला, जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू. लाइट गेली, नेट गेलं, बॅटरी असेपर्यंत काही फरक पडत नाही. सगळेच गेम सेव्ह असं शेजारी ठेवत नाहीत, बरेच अ‍ॅपडेटा नावाच्या विंडोजच्या फोल्डरमधे ठेवतात, पण तिथूनही कॉपी करून ठेवता येतं.

कटकट इथेही आहे. झिपमधला गेम चालू करायला गेलं की विंडोज बऱ्याचदा निळी पाटी दाखवतं, अनोळखी अ‍ॅप म्हणून. छोट्या लोकांना सहीचं सर्टिफिकेट विकत घेणं परवडत नाही, त्यामुळे पाटी आली म्हणजे व्हायरसच असं नाही, पण डोळे मिटून पुढे जाऊ नका. गेम करणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या, खालच्या कॉमेंट वाचा, शंका आली तर सोडून द्या, गेमना तोटा नाही. शिवाय फुकट असला तरी बऱ्याचदा आधी पैशांची खिडकी येते. त्यात नको, सरळ डाउनलोडकडे न्या अशा अर्थाची ओळ असते, ती दाबायला लाजायचं कारण नाही. गेम मनापासून आवडला तर मात्र परत जाऊन दोन ओळींची कॉमेंट जरूर टाका, एकट्याने रात्री जागून केलेलं काम असतं ते.

मावसभावाला मी म्हटलं, अर्ध्या तासात संपणारा असेल तर ब्राउझरमधेच खेळ, माझी काही हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी परत उघडावासा वाटला ना, की त्याच पानावर खाली जा, झिप आहे का बघ, आणि सेव्ह जमायच्या आधीच उतरवून घे. जागेचं म्हणत असशील तर त्याच्यासाठी 32 जीबीचा पेन ड्राइव्ह दिवाळीला येताना मीच आणतो.