वादी अल-हितान (फायूम, इजिप्त): जागेला पाच स्टार, जीपवाल्याला दोन

कैरोहून फायूमची एक दिवसाची सफर विकणारे ढीगभर आहेत. आम्ही घेतलेल्या सफरीचा क्रम असा: वादी अल-रयानचे धबधबे, मग वाळूच्या टेकडीवरून फळीवर बसून घसरणं, मग तुनिस गावातली मातीची भांडी, आणि वेळ उरलाच तर वादी अल-हितान, म्हणजे देवमाशांची दरी, जिथे वाळवंटात जुन्या देवमाशांचे दगड झालेले सांगाडे पडलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण ज्या जागेला युनेस्कोने 2005 साली जागतिक वारसा ठरवलं तिला दीड तास, आणि घसरगुंडीला दोन तास, हा हिशेब मला काही पटेना. शेवटी भाचीने अरबीत हुज्जत घातली आणि भांडी रद्द करून घेतली.

मी जनावरांची डॉक्टर. सगळी नोकरी गाई-म्हशींच्या मागे गोठ्यात गेली, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा हाडांच्या बाजूने झुकलेला असणार, आधीच सांगते.

जागा कैरोच्या नैर्ऋत्येला, साधारण दीडशे किलोमीटरवर. आज नजर जाईल तिथवर वाळू आणि वाऱ्याने कोरलेले पिवळट खडक. चार कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे टेथिस या प्राचीन समुद्राचा उथळ किनारा होता. 1902-03 च्या हिवाळ्यात ब्रिटिश भूवैज्ञानिक ह्यू बीडनेल यांना इथे पहिले सांगाडे दिसले. नंतर अमेरिकन जीवाश्म-अभ्यासक फिलिप गिंगरिच यांनी 1980 च्या दशकापासून इथे अनेक मोसम काढले आणि शेकडो सांगाड्यांच्या जागा नोंदवल्या. गाड्या दारातच थांबतात, पुढे पायी. वाटेच्या कडेला दगड मांडलेत, मधूनमधून सावलीला मातीची छपरं आहेत, आणि सांगाडे जिथे सापडले तिथेच, उघड्यावर पडलेले. एका ठिकाणी मणके एकामागोमाग एक असे ओळीत आहेत की मी सवयीने कमरेचे कुठून सुरू झाले ते मोजायला लागले. पायाखाली गोल चपट्या नाण्यांसारखे खडे दिसतात, ते न्युम्युलाइट, समुद्री एकपेशीय जीवांची कवचं. उचलून खिशात घालू नका, मनाई आहे.

वाटेच्या सुरुवातीलाच जमिनीशी एकरंग झालेलं घुमटाचं म्युझियम आहे, 2016 ला उघडलेलं. मधोमध बॅसिलोसॉरस आयसिस या प्राचीन देवमाशाचा सांगाडा, जवळजवळ 18 मीटर. नावात ‘सॉरस’ आहे कारण 1834 मध्ये अमेरिकेत रिचर्ड हार्लन यांनी याच्या भाऊबंदाची हाडं बघून ते सरपटणारं जनावर ठरवलं. पुढे रिचर्ड ओवेन यांनी दात तपासले. दाढांना दोन-दोन मुळं, म्हणजे सस्तनच. पण नाव एकदा पडलं ते पडलं. तोंडाशी उभं राहून दात नीट बघा. पुढचे सुळ्यासारखे टोकदार, मागचे त्रिकोणी, करवतीच्या कडांचे. आजच्या डॉल्फिनचे सगळे दात एकाच छापाचे असतात, इथे अजून कामांची वाटणी आहे. नाकपुड्याही अजून डोक्यावर पोचलेल्या नाहीत, मुस्कटाच्या मध्यावर आहेत.

आणि मग मागचे पाय. ज्यासाठी मी आले ते हेच. माझ्या हाताएवढीही लांबी नाही, पण मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, नडगी, शेवटी तीन बोटं, सगळं जागच्या जागी. गिंगरिच आणि सहकाऱ्यांनी हे 1990 मध्ये प्रसिद्ध केलं. एवढ्या धुडाला त्या पायांनी चालणं शक्यच नव्हतं. समागमाच्या वेळी पकड घ्यायला उपयोग होत असावा, असा त्यांचा अंदाज. भाची म्हणाली, “मावशी, वाटी कशाला हवी मग?” अगं, तेच तर! वाटी आहे म्हणजे गुडघा वाकत होता.

घोट्याचं एक हाड मात्र इथे शोधू नका. गाय, शेळी, डुक्कर यांच्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं हाड असतं, दोन खुरी जनावरांची ती सही. बॅसिलोसॉरसमध्ये घोट्याची हाडं एकमेकांत सांधून गेली आहेत. ते हाड 2001 मध्ये पाकिस्तानातल्या जुन्या देवमाशांच्या पायात सापडलं, आणि पाणघोडा हा देवमाशांचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक, हे डीएनएवाले जे म्हणत होते त्याला हाडांची साक्ष मिळाली. जमिनीवरच्या पूर्वजांची खूण कण्यातही आहे: कारवान कुत्रा पळताना त्याचा कणा वर-खाली वाकतो. देवमाशाची शेपटीही वर-खालीच हलते, माशाची डावी-उजवीकडे. रवंथ न करता पोटाचे कप्पे मात्र यांनी अजून सांभाळलेत.

म्हणून जाण्याआधी देवमासे जमिनीवरून पाण्यात कसे गेले त्याचा आधीचा भाग वाचून जा, कारण वाळवंटात गोष्ट मधूनच सुरू होते. सुरुवातीची पानं आपल्याकडची आहेत. जम्मूतल्या कालाकोटचे दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात पत्नीने ते जीवाश्म-अभ्यासक हान्स थेविसन यांना दिले. कवटी साफ करताना एक कानाचं हाड तुटलं आणि आतली जाड कड दिसली, जी देवमाशांच्या कानातच बघायची सवय होती. ते इंडोह्यूस, मांजराएवढं खुरांचं जनावर, 2007 मध्ये जगापुढे आलं. कच्छमधला कचिसेटस हा छोटा जुना देवमासा त्यानंतरच्या टप्प्यातला.

आता व्यवहाराचं. हिवाळ्यातच जा, बूट घाला, पाणी स्वतःचं न्या. पाट्या वाचत फिरलात तर वाट आणि म्युझियम मिळून चार तास लागतात. ड्रायव्हर दोन तासांत होतं म्हणेल. आमच्याने तर दाराशी हॉर्नही वाजवला. तो काय बघायला आत येत नाही. बयाणा देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: हितान सकाळी सगळ्यात आधी, चार तास, घसरगुंडी वेळ उरली तर.