बर्गंडीची पहिली बाटली: लाल की पांढरी?

नाशिकच्या वाइनची सवय असलेला माणूस बर्गंडीची बाटली हातात घेतो, तेव्हा आधी द्राक्षाचं नाव शोधतो. आपल्याकडे शिराझ किंवा शेनिन ब्लाँ असं ठळक छापलेलं असतं. पूर्व फ्रान्समधल्या या प्रदेशात बहुधा नुसतं गावाचं किंवा मळ्याचं नाव असतं. तरी द्राक्ष ओळखता येतं. लाल असेल तर जवळजवळ नेहमी पिनो न्वार, पांढरी असेल तर शार्दोने. (गामे आणि अलिगोते ही इथली दुसरी द्राक्षं पहिल्या खरेदीत बाजूला ठेवा.)

पिनो न्वारची साल पातळ असते. लाल वाइनला रंग आणि बराचसा तुरटपणा सालीतून येतो, म्हणून इथली लाल वाइन फिकट दिसते आणि जिभेला कमी आवळते. चेरी, रासबेरी, आणि बाटलीत मुरली की अळंबीचा, ओल्या पाचोळ्याचा वास, ही तिची श्रीमंती. पण शिराझच्या दणकट चवीवर वाढलेल्या जिभेला पहिला घोट पाणचट वाटू शकतो. शिवाय हे द्राक्ष लहरी आहे. स्वस्तातली पिनो बरेचदा नुसती आंबट आणि हडकुळी निघते.

शार्दोनेचा स्वतःचा वास फारसा ठाम नसतो, त्यामुळे माती, हवा आणि पिंप तिच्यात स्पष्ट बोलतात. उत्तरेला शाब्लीत हवा थंड आणि चुनखडीच्या मातीत चिमुकल्या कालवांचे जीवाश्म. तिथली वाइन लख्ख, धारदार. बोन शहराजवळच्या मर्सोत तेच द्राक्ष ओकच्या पिंपात मुरतं, त्यातलं तीव्र आम्ल मवाळ लॅक्टिक आम्लात बदलतं, आणि वाइन लोण्यासारखी भरीव होते. एकाच द्राक्षाची ही दोन रूपं शेजारी ठेवून चाखण्यासारखा दुसरा धडा नाही.

नावांत एक मोठी फसगत आहे. जेव्हरे गावाने १८४७ साली आपल्या नावाला शांबेर्तां या गाजलेल्या मळ्याचं नाव जोडलं. पुलिन्यीने १८७९ साली तसंच मोंत्राशे जोडलं. म्हणून ‘जेव्हरे-शांबेर्तां’ ही गावाची वाइन, तर नुसतं ‘शांबेर्तां’ म्हणजे ग्रां क्रू, सर्वोच्च दर्जा आणि तशीच किंमत. मळ्याच्या नावावरही विसंबू नका: क्लो द व्हूजो हा सुमारे ५० हेक्टरचा ग्रां क्रू मळा ८० च्या आसपास मालकांत वाटलेला आहे. वाइन कुणी केली, हे तिथे मळ्याइतकंच महत्त्वाचं.

मला विचाराल तर पहिली बाटली पांढरी घ्या. दक्षिणेकडची माकों-व्हिलाज कमी पैशांत शार्दोनेची खरी ओळख करून देते, आणि थोडे जास्त मोजायची तयारी असेल तर शाब्ली. तळलेल्या पापलेटाबरोबर ती फार सुंदर लागते. लालच हवी असेल तर सर्वात स्वस्त बाटली टाळा आणि मर्क्युरे किंवा जिव्री या गावांची नावं शोधा. बरोबर भाजलेली कोंबडी किंवा अळंबी ठेवा. झणझणीत रस्सा पिनोला गिळून टाकतो. आणि मुंबई-पुण्याच्या उकाड्यात ही लाल वाइनसुद्धा फ्रिजमध्ये थोडी थंड करूनच ओता. पंधरा-सोळा अंशांवर तिचा वास खुलतो, तिशीला नुसता अल्कोहोल नाकात जातो.