सात महिने 'सिक्स मिनिट इंग्लिश': कान तयार होताना

गेल्या जूनपासून बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा पॉडकास्ट मी जवळजवळ रोज ऐकतेय. माझी शाळा लातूर जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. पुढे डिप्लोमा केला आणि आता चाकणला क्वालिटी विभागात आहे. इंग्रजीत मेल लिहिते, पेपर वाचते, त्यात कधी अडलं नाही. अडायचं ते फोनवर. एकदा अमेरिकेतल्या ग्राहकाचा इंजिनिअर एका लॉटबद्दल 'वी कॅन्ट अ‍ॅक्सेप्ट' म्हणाला आणि मी 'वी कॅन' ऐकलं. गाडीत चढलेला माल उतरवावा लागला. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सुरुवात मी व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांपासून केली होती. १९५९ पासूनची ही पद्धत: साधारण दीड हजार शब्द, छोटी वाक्यं, नेहमीपेक्षा एक तृतीयांशाने संथ वाचन. सगळं कळायचं, बरं वाटायचं. पण कॉल सुरू झाला की मी पुन्हा होते तिथेच. ज्याला अजून साधी वाक्यंही पकडता येत नाहीत त्याने जरूर तिथून सुरू करावं. माझं दुखणं वेगळं होतं. संथ वाचनात प्रत्येक शब्द सुटा येतो. माणसं बोलताना शब्द एकमेकांत मिसळून टाकतात, आणि मला नेमकं तेच ऐकता येत नव्हतं.

'सिक्स मिनिट'मध्ये दोन निवेदक एका विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला तीन पर्यायांचा एक प्रश्न टाकतात, उत्तर शेवटी देतात, मधे सहा शब्द समजावतात. फुकट आहे आणि पूर्ण संहिता मिळते. माझ्यासाठी खरा खजिना ही संहिताच. पहिला महिना मी बसमध्ये नुसतं ऐकत होते, फरक शून्य. मग शाळेतलं शुद्धलेखन आठवलं. संध्याकाळी एकाच मिनिटाचा तुकडा घ्यायचा, थांबवत थांबवत वहीत उतरवायचा आणि संहितेशी ताडून लाल पेनाने चुका काढायच्या. वीस मिनिटं जातात. डोकं दुखतं, पण हेच लागू पडलं.

लाल खुणा बघितल्यावर मी चकित झाले. अवघड शब्द मी बहुतेक बरोबर लिहिले होते. गळले होते ते 'ऑफ', 'टू', 'हॅव', 'हिम', 'वॉज' असले बारके शब्द. 'टेल हिम'चं 'टेलिम' होतं, 'शुड हॅव'चं 'शुडव्', 'नेक्स्ट डे'मधला ट कुठे जातो कळतच नाही. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजीत जोर एक-दोन शब्दांवर पडतो आणि बाकीचे दबतात. पण खरं सांगायचं तर आपणही हेच करतो. 'करतो आहेस'चं 'करतोयस', 'आले आहे'चं 'आलंय'. पुस्तकातून मराठी शिकलेल्या परक्या माणसाला 'काय करतोयस' ऐकून काय वाटत असेल, ते मला त्या वहीने दाखवलं.

माझ्या 'कॅन'चं कोडंही तसंच सुटलं. अमेरिकन बोलण्यात होकारी 'कॅन' सहसा दबून 'कन' होतो. नकारात 'कॅ' ठसठशीत येतो आणि शेवटचा ट घशात राहतो. म्हणजे मुद्दाम जोर दिलेला नसेल, तर स्पष्ट 'कॅन' कानावर पडल्यावर सावध व्हायचं! (ब्रिटिश लोक 'कान्ट' म्हणतात, त्यामुळे तिथे हा घोटाळा कमी होतो.) शाळेत एवढं कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता मर्यादा. शिकणाऱ्यांसाठीच बनवलेला कार्यक्रम असल्याने बोलणं स्वच्छ असतं. कुणी कुणाला तोडत नाही, मागे मशीनचा आवाज नाही. उच्चार मुख्यतः ब्रिटिश. त्यामुळे एकट्या माणसाशी बोलणं मला आता जमतं, पण चारजण एकदम बोलू लागले की अजून धागा सुटतो. प्लेअरचा वेग कमी करण्याची सवय लावू नका, असंही सांगेन. मी दोन महिने पाऊणपट वेगाने ऐकलं आणि कान त्यालाच सरावला.

आकड्यांची भीती मात्र राहिली आहे. 'फिफ्टी'त जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'फिफ्टीन'मध्ये शेवट लांबतो, हे माहीत असूनही मालाच्या संख्येवर मी कानावर विसंबत नाही. 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?' असं सरळ विचारते. समोरचा न कंटाळता सांगतो. दुसरी वही गेल्या आठवड्यात संपली. तिसरीत बिनसंहितेच्या अमेरिकन मुलाखती घेतल्या आहेत, आणि पहिल्या पानावर लालच लाल आहे.