कर्जमुक्तीच्या नावाखाली वकिलाची फी उकळणाऱ्यांपासून सावध राहा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप होतं. जॉबवर्क बंद पडलं आणि पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं, ॲपवरची कर्जं सगळी एकदम अंगावर आली. मिस्टरांच्या लोनला मी सहकर्जदार, त्यामुळे वसुलीवाल्यांचे फोन मलाही यायचे. मोबाईलवर सारखी एक जाहिरात दिसायची: 'कर्जातून कायदेशीर सुटका, अनुभवी वकील, फी हप्त्याने.' गावातल्या वकिलाकडे जायचं तर तो फी किती सांगेल याची धास्ती, आणि चार लोकांत बोभाटा होईल याची त्याहून जास्त. या लोकांचा सगळा धंदा नेमका या दोन गोष्टींवर चालतो.

फोनवरचा माणूस फार गोड बोलायचा. एकूण कर्जाच्या बारा टक्के फी. बँकेचे हप्ते थांबवा, त्यातलेच पैसे दरमहा आमच्याकडे भरा, बँकेचे फोन आमच्या नंबरवर वळवा, बाकी वकीलसाहेब बघतील. वकीलसाहेब मात्र कधी फोनवर आलेच नाहीत. कधीही विचारा, साहेब कोर्टात. फोन तिकडे वळवल्यामुळे बँक काय म्हणते तेही आम्हाला कळेनासं झालं. तिकडे व्याज आणि दंड चढतच होता.

मग एक दिवस व्हॉट्सॲपवर कागद आला: 'तुमची दिवाळखोरीची केस दाखल झाली.' वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये 'राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, मुंबई'. मिस्टरांचं आडनावसुद्धा चुकीचं. वकिलाची सही होती, पण सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा नंबर, नव्हता. आणि वकिलाला आपली बाजू मांडायचा अधिकार देणाऱ्या वकीलपत्रावर तर आमच्या दोघांपैकी कुणाचीच सही कधी घेतली नव्हती.

खरं काय ते चेक बाऊन्सचं, कलम १३८ चं समन्स घरी आलं तेव्हा उघड झालं. तारखेला गेलो तेव्हा कोर्टातल्या एका कारकुनाने आवारातलंच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस दाखवलं. तिथे कळलं की १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार यांनाही मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. साधा अर्ज करायचा. १५१०० या हेल्पलाईनवरही माहिती मिळते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमचे किती पैसे वाचले असते!

तिथून मिळालेल्या वकीलबाईंनी तो कागद पाहिला आणि ई-कोर्ट्स या कोर्टाच्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर मिस्टरांचं नाव टाकून शोधलं. १३८ ची केस दिसली, दिवाळखोरीची कुठेच नाही. त्यांनी नीट समजावलं. ते न्यायाधिकरण कंपन्यांसाठी आणि कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला साध्या माणसांचा भाग अजून लागूच झालेला नाही. आमच्यासारख्यांचा नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज १९२० च्या जुन्या कायद्याखाली इथल्याच जिल्हा न्यायालयात जातो, मुंबईकरांचा १९०९ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात. आणि अर्ज केला म्हणजे कर्ज धुऊन निघालं असं नाही. मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, ज्यांचे पैसे द्यायचे त्या सगळ्यांना नोटिसा जातात, वर्षं लागतात. फोनवर कुणी तीन महिन्यांत मोकळं करण्याची हमी देत असेल तर तो खोटं बोलतोय, इतकं मी आता ठामपणे सांगते.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. बार कौन्सिल या वकिलांच्या संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवायला मनाई आहे. म्हणजे जाहिरातीतून 'वकील' गळ्यात पडत असेल तर तिथेच थांबा. सनद क्रमांक मागा, वकील समोर बसल्याशिवाय पैसे देऊ नका, प्रत्येक रकमेची पावती घ्या. केस दाखल झाली म्हणाले तर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख क्रमांक, घ्या आणि ई-कोर्ट्सवर स्वतः पाहा. फुकट दिसतं. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही.

आमचं एक कार्ड लोकअदालतीत तडजोडीने मिटलं. लोनचं बोलणं सुरू आहे, आता बँकेशी आम्ही स्वतः बोलतो. फसवणाऱ्यांविरुद्ध १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी पोलिसांना दिल्या आहेत. पैसे अजून परत आलेले नाहीत. तीच जाहिरात मात्र वेगळ्या नावाने परवा पुन्हा दिसली, म्हणून हे लिहिलं.